लेकीच्या प्लास्टरची ड्युटी

मी सतरा वर्षं फौजेत काढली. पण आयुष्यात कुठली ड्युटी सगळ्यात चोख केली असं कुणी विचारलं, तर मी सरहद्दीचं नाव घेणार नाही. मी सांगीन, दोन वर्षांच्या लेकीचं प्लास्टर तीन महिने सांभाळलं. छातीपासून खाली, उजवा पाय घोट्यापर्यंत, डावा गुडघ्यापर्यंत, दोन्ही पाय फाकलेले आणि मधे आडवी काठी. शू-शी बाहेर यायला मधे एवढीशी खिडकी. त्यात काय मोठं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा करून बघावं. उगं लांबून बोलायचं काम नाही.

हे सगळं सुरू झालं एका व्हिडिओपासून, आणि त्याची जाहिरात मीच केली होती.

लेक दीड वर्षाची झाली तरी चालत नव्हती. मी तिकडं उत्तरेत, बर्फात. बायको साताऱ्याजवळच्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका. फोनवर म्हणायची, "आवं, उभी ऱ्हाती, पर पाऊल टाकंना." मी म्हणायचो, "टाकंल की. घाई काय हाय?" मग एक दिवस व्हिडिओ आला. आमच्या साताऱ्याच्या घरात, टीव्हीपासून सोफ्यापर्यंत, माझी लेक दोन्ही हात वर करून डुलत डुलत चालली होती. उजवीकडं झुकायची, एक ठुमका द्यायची, परत सावरायची. मी तर वेडाच झालो. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या जेवणाच्या मेसमध्ये, सगळ्यांना दाखवला, न्हाव्याला दाखवला, सुट्टीचा अर्ज घेऊन गेलो तर साहेबांनाही दाखवला. पंजाबचा एक जोडीदार म्हणाला, "हवालदार साब, आपकी बिटिया तो डान्सर बनेगी." माझी छाती अशी फुगली की बटणं तुटायची बाकी राहिली. रोज दहादा बघायचो तो व्हिडिओ.

ऑक्टोबरात पेन्शन घेऊन घरी आलो. लेक जवळ येईना. ती मला फोनमधला पप्पा म्हणून ओळखायची. समोर उभा राहिलेला हा मिशीवाला कोण, ते तिला पटेना. मी हाक मारली की बायकोच्या फोनकडं बोट करायची. माझ्यासमोर मात्र ती तशीच डुलत चालायची आणि मी टाळ्या वाजवायचो.

दिवाळीला सांगलीत सासुरवाडीला गेलो. विश्रामबागेत त्यांचं घर. सासूबाईंना आमच्याकडं मामी म्हणतात. पहिल्या आंघोळीला मामींनी नातीला पाटावर उताणी घेतलं आणि तेल चोळायला लागल्या. चोळता चोळता थांबल्या. दोन्ही पाय दुमडून गुडघे जुळवून बघितले, परत सरळ केले, परत दुमडले.

"पाव्हणं, जरा हिकडं या."

मी गेलो.

"गुडघं बघा. एक वर, एक खाली."

"मामी, पाट वाकडा असंल."

त्यांनी तिला उचलून फरशीवर घेतलं. फरशी काही वाकडी नव्हती. उजवा गुडघा खालीच होता. माझं डोकं तापलं. खरं सांगायचं तर भीती वाटली, पण मला भीती वाटली की राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. म्हणालो, "सणासुदीचं पोरीत खोट काढताय व्हय?" आणि उठून गच्चीवर गेलो. फराळालासुद्धा खाली आलो नाही. मामी असल्या रागाला भीक घालणाऱ्या नव्हत्या. जिन्याखालून ओरडल्या, "रागवा किती रागवायचं ते. पर डॉक्टरला दावल्याबिगर पोरीला साताऱ्याला न्ह्यायची न्हाई!"

भाऊबीज झाली आणि आम्ही लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. तिथंही माझी अक्कल बघा. त्यांनी विचारलं, "चालते कशी?" लेक तर परक्या खोलीत आईला चिकटून बसलेली. मी मोठ्या ऐटीत फोन काढला आणि तोच व्हिडिओ लावला. बाईंनी तो एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला, तिसऱ्यांदा बघितला. त्या हसल्या नाहीत. तो व्हिडिओ बघून न हसलेलं ते पहिलंच माणूस.

हाडांचा फोटो काढून आणल्यावर त्यांनी आम्हाला तो उजेडावर धरून दाखवला. डावीकडं मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसलेला. उजवीकडं वाटी रिकामी आणि गोळा वर, बाहेर. "जन्मापासून असणार," त्या म्हणाल्या. "ती डुलत नाही. ती लंगडते आहे."

लंगरमध्ये टाळ्या वाजवणारे सगळे चेहरे माझ्यापुढून गेले. मी खुर्चीवर बसलो होतो, तरी मला खाली बसावंसं वाटत होतं.

बाईंनी मग शांतपणे सगळं समजावलं. ऑपरेशन करून गोळा वाटीत बसवायचा आणि तीन महिने प्लास्टर, मधे एकदा बदलायचं. "गोळा बसवणं माझं काम," त्या म्हणाल्या. "तो तिथं धरून ठेवणं प्लास्टरचं काम. आणि प्लास्टर सांभाळणं तुमचं. ते भिजून मऊ पडलं, आत जखम झाली, तर वेळेआधी काढावं लागेल. वेळेआधी काढलं तर गोळा परत निसटू शकतो. मग दुसरं ऑपरेशन, आणि ते पहिल्याइतकं चांगलं होत नाही."

"म्हंजे लंगडणं ऱ्हाईल?" मी विचारलं.

"राहू शकतं. जन्मभर."

बायकोची रजा ऑपरेशनलाच संपणार होती. मला साताऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझरची नोकरी ठरलेली होती. मामी म्हणाल्या, माझ्याकडं ठेवा. मी म्हणालो, "कुणाकडं न्हाई. मी बघणार." बायको बघतच राहिली. लग्नानंतर आमची गाठ म्हणजे वर्षातनं दोन महिने, आणि त्या दोन महिन्यांत मी कपभर चहासुद्धा केला नव्हता. "आवं, तुमाला लंगोट बांधाया येतो का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "रायफल उघडून जोडाया येती. लंगोट काय चीज हाय." कारखान्याला कळवलं की तीन महिन्यांनी येतो, थांबत असाल तर थांबा.

लंगोट काय चीज आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

ऑपरेशननंतर लेकीला बाहेर आणली तेव्हा ती बेडकासारखी पाय फाकून पडलेली, आणि तिच्यापेक्षा ते पांढरं प्लास्टरच मोठं दिसत होतं. तिथं प्लास्टर करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी मला शिकवलं. लहान पॅड त्या खिडकीतून आत सरकवायचं, पुढून आणि मागून, कडेच्या वर. त्याच्यावरनं मोठा डायपर बाहेरनं बांधायचा. डोक्याकडची बाजू कायम उंच, म्हणजे शू खाली वाहते, पाठीत जात नाही. दर दोन तासांनी पालथी-उताणी करायची. मधल्या काठीला धरून कधी उचलायचं नाही. खाज सुटली तरी आत काडी, पट्टी, पावडर काही घालायचं नाही. पायाचं नख दाबायचं, पांढरं होतं, सोडलं की गुलाबी झालं पाहिजे. मामांनी एकदा करून दाखवलं. मी म्हणालो, "मामा, अजून दोनदा दावा." ते म्हणाले, "एवढं तर डॉक्टर शिकायला येणारीबी विचारत न्हाईत."

साताऱ्याला न्यायची तर गाडीच्या दारातनं ती आत जाईना. पाय एवढे फाकलेले की सरळ घातली तर इकडं अडकायचं, आडवी घातली तर तिकडं. मेहुण्यानं गाडी आणलेली, तो म्हणाला, दाजी, टेम्पो बघू का? मी म्हणालो, माझी लेक काय उसाची मोळी आहे व्हय. मागच्या सीटवर माझा फौजेतला बिछान्याचा होल्डॉल गुंडाळून उतार केला, तिला आधी डोक्याकडनं, मग कुशीवर वळवून, अलगद आत घेतली आणि मी आत शिरून तिला उताणी केली. सांगली ते सातारा मी सीटखालच्या जागेत गुडघ्यावर बसून आलो. कराड गेल्यावर माझे पाय बधिर झाले. तिची नखं गुलाबी होती.

घरी आल्यावर बायकोच्या शाळेतली एक जुनी पाटी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. तिच्यावर खडूनं लिहायचो. सहा वाजता उताणी. आठ वाजता पालथी. पॅड. नखं. कडा कोरड्या. बायको शाळेतनं आली की आधी पाटी वाचायची आणि मग चपला काढायची. पहिल्या आठवड्यात दोनदा शू प्लास्टरच्या कडेला लागली. दोन्ही वेळा मी हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून तासभर धरून बसलो. लेक भोकाड पसरून रडत होती आणि मी तिला 'जय जय बाप्पा' म्हणत समजावत होतो. तिला मी नकोच होतो. पण पळताही येत नव्हतं बिचारीला.

हळूहळू माझा हात बसला. पॅड आणि डायपर मिळून मी सव्वा मिनिटात बदलायला लागलो. हसू नका, घड्याळ लावून बघितलंय. आमच्या कॉलनीत निम्मे रिटायर फौजी. एकजण दारात येऊन म्हणाला, "गड्या, बाईमाणसाचं काम तू करत बसलास व्हय रं?" मी म्हणालो, "सुभेदारसाब, या आत. हे पॅड, ही लेक. प्लास्टर कोरडं ऱ्हायलं तर मी तुमाला सलाम ठोकतो." ते म्हणाले, नको नको, आणि गेले. त्यांच्या बायकोला मात्र हे लय आवडलं. ती रोज दुपारी वाटीत काहीतरी घेऊन यायची.

नखं दाबायचा आमचा खेळ झाला. मी तिचं नख दाबायचो आणि म्हणायचो, "रंग?" ती म्हणायची, "गुबाली." मग ती माझं नख दाबायची. माझी नखं फौजेनं काळी केलेली. ती मान हलवायची, "पप्पा, तुमची गुबाली न्हाई." एक दिवस बायको शाळेतनं आली, लेकीला घ्यायला वाकली, तर लेक म्हणाली, "न्हाई. पप्पा." बायकोला वाईट वाटलं असणार. मला इतका आनंद झाला की मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर बदलायला सांगलीला गेलो. भूल देऊन जुनं काढलं, फोटो काढला, गोळा जागेवर होता. नवीन घातलं. मामा बाहेर आले ते जुन्या प्लास्टरचा एक टवका हातात घेऊन. आधी स्वतः हुंगला, मग माझ्या नाकापुढं धरला. "वास हाय का?" मी म्हणालो, न्हाई. "हितं लोक नाकाला रुमाल लावून येत्यात. हवालदार, तुमी हितंच कामाला या." त्यांनी हे चार माणसांसमोर म्हटलं. मला मेडल मिळालंय एकदा, पण त्या दिवशी वाटलं ते मेडलच्या दिवशी वाटलं नव्हतं. घरी येताना वाटेत भेटेल त्याला मी ही गोष्ट सांगितली. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यालाही.

आणि तिथंच मी चुकलो. माणूस फुगला की त्याचं लक्ष उडतं.

संक्रांत आली. बायको म्हणाली, "आवं, पोरीचं बोरन्हाण करायचं. गेल्या साली बी ऱ्हायलं." लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरनं बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. भोवतीची पोरं ते लुटतात. आमच्याकडं घरोघरी करतात. मी म्हणालो, डोकं ठिकाणावर आहे का? छातीपाशी प्लास्टरची कड उघडी, दोन बोटं जाईल एवढी फट, आणि त्याच्यावर तुम्ही बोरं ओतणार? बायकोनं विषय सोडला. पण लेकीनं ऐकलं होतं. "बोलं," ती म्हणाली. "मला बोलं." दिवसभर तेच. पडून पडून तिनं सगळ्या कॉलनीतली पोरं खिडकीतनं खेळताना बघितली होती. शेवटी मी हो म्हणालो, पण माझ्या अटींवर.

रविवारी चार वाजता बायका जमल्या. बायकोनं काळा फ्रॉक मागून पूर्ण उघडा शिवलेला, प्लास्टरवरनं बरोबर बसला. मी लेकीला खुर्चीत उशांचा आधार देऊन बसवली, टॉवेल छातीभोवती गुंडाळून कडेत खोचला, वरून ओढणी बांधली. हलव्याचे दागिने काढून टाकले, साखर नको. मग ताट तपासलं. हरभरे बाजूला. चुरमुरे, रेवड्या बाजूला. बोरं मोठी तेवढीच ठेवली. सुभेदारांची बायको म्हणाली, "आवं, ताट हाय का चेकपोस्ट?" सगळ्या हसल्या. औक्षण झालं. बायकोनं ओंजळभर बोरं डोक्यावरनं सोडली, हळूच. पोरं तुटून पडली. लेक अशी खिदळली, अशी खिदळली, की दोन महिन्यांत तिचा तसला आवाज मी ऐकला नव्हता. दोन्ही हात वर करून ओरडायला लागली, "अजून! पप्पा, अजून!"

सुभेदारांच्या बायकोनं बाजूला ठेवलेलं ताट माझ्यापुढं केलं. "बापानं बी घालायचं की एकदा."

आणि मी घातलं. ताट बघितलं नाही, टॉवेल बघितला नाही. दोन्ही हातांत भरून घेतलं आणि उंचावरनं तिच्यावर ओतलं, एकदा, दोनदा, तीनदा. मीच बाजूला काढलेलं सगळं, मीच. ती मान मागे टाकून हसत होती आणि मी तिच्यापेक्षा जास्त हसत होतो. बायकोनं तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत टॉवेल कडेतून सुटून खांद्यावर लोंबतोय, नीट दिसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पोटावरचं प्लास्टर वाजवायला लागली. "पप्पा, तोचतंय." बॅटरी लावून बघितलं, काही दिसलं नाही. वाटलं, खाज असेल. संध्याकाळी पॅड बदलताना मला पलंगाच्या पायापाशी मुंग्यांची रांग दिसली. ती पलंगावर चढत होती, चादरीवरनं जात होती आणि प्लास्टरच्या कडेतून आत जात होती.

मुंग्या झटकल्या, पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आणि बायको शाळेतनं आल्या आल्या त्याच पावली सांगलीला निघालो. लेक मधेच रडायची, मधेच माझं नख दाबायची. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आता प्लास्टर काढणार, गोळा निसटणार, आणि माझी लेक जन्मभर तशी चालणार. हसून ओतलेल्या तीन ओंजळींपायी.

फोन केला होता म्हणून डॉक्टरबाई दवाखान्यात थांबल्या होत्या. त्यांनी कडेतून वाकून बघितलं आणि विचारलं, "काय टाकलंय आत?"

"बोरन्हाण केलं," बायको म्हणाली.

"कोणी टाकलं?"

बायकोनं तोंड उघडलं. मला माहीत होतं ती काय म्हणणार, लय बायका होत्या, पोरांची झुंबड होती. तिच्या आधी मी म्हणालो, "मी. एकट्यानं. मला ठावं असून."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मामांना हाक मारली.

मामा म्हणाले, "धरा लेकीला. डोकं खाली." मी तिला छातीला आणि कंबरेला धरून उलटी केली. मामांनी प्लास्टरवर बोटांनी टिचक्या मारल्या. पंधरा-वीस चुरमुरे पडले. तीन हरभरे पडले. एक लहानसं गावठी बोर पडलं. लेकीला उलटं टांगलेलं आवडलं असावं, ती हसायला लागली. तिला हसताना बघून मला जास्तच रडू आलं. पण टोचणारं अजून आतच होतं. मामांनी पोटावर, तिच्या बोटाखाली, मशीननं एक चौकोनी खिडकी कापली. झाकण उचललं. खाली एक रेवडी वितळून कातडीला चिकटलेली, तिच्याभोवती मुंग्या, आणि कातडी रुपयाएवढी लाल.

बाईंनी ती जागा साफ केली, औषध लावलं. मग फोटो काढला. तो येईपर्यंत मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो, शिक्षा झालेल्या पोरासारखा. बाईंनी फोटो उजेडावर धरला. "जागेवर आहे," त्या म्हणाल्या. मामांनी झाकण परत बसवलं आणि वरून पट्टी गुंडाळली.

"पोटावर होती म्हणून वाचलात," बाई म्हणाल्या. "खुब्याजवळ असती तर सगळं काढावं लागलं असतं." मी मान खाली घालून हो म्हणालो. निघताना मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खरं बोलला, ते बरं केलं. आता उरल्यालं दिस बघा."

उरलेले दिवस मी असे बघितले की विचारू नका. त्या खोलीत कुणाला बिस्किट खाऊ दिलं नाही. खुद्द जिल्हाधिकारी आले असते तरी चहा बाहेर ठेवून आत यावं लागलं असतं. सुभेदारांची बायको बिचारी स्वतःला दोष देत होती. मी म्हणालो, "वहिनी, ताट तुमचं, हात माझं." पाटीवर मी नवीन ओळ लिहिली, रोज संध्याकाळी. आत काही नाही.

मार्चमध्ये प्लास्टर निघालं. कातडी पिवळी, सालपटं निघालेली, पाय काटकुळे. पोटावर त्या रेवडीची फिकट खूण होती, बाकी कुठं एक जखम नाही. मामांनी सगळीकडनं बघितलं आणि माझ्याशी हात मिळवला. मला वाटलं आता झालं. कसलं झालं! लेक पाय हलवायलाच घाबरायची. दोन आठवडे नुसती बसून. मग सरकायला लागली, मग पलंग धरून उभी. जूनमध्ये पावलं टाकली, आणि लंगडली. मी सांगलीला फोन लावला. बाई म्हणाल्या, पायात ताकद नाही अजून, थांबा, व्यायाम करून घ्या. मी रोज सकाळी तिला घेऊन कॉलनीच्या रस्त्यावर जायचो. ती पुढं, मी मागं. मी नुसती तिची कंबर बघायचो. उजवीकडं झुकते का. झुकायची. कमी झुकायची. एखाद्या दिवशी वाटायचं झुकतच नाही, दुसऱ्या दिवशी परत. कारखान्याची नोकरी लागली होती, तरी सकाळची ही ड्युटी मी एक दिवस चुकवली नाही.

प्लास्टर काढून वर्ष झालं तेव्हा आम्ही परत सांगलीला गेलो. लेक सव्वातीन वर्षांची. बाईंनी फोटो बघितला, मग तिला म्हणाल्या, "त्या दारापर्यंत जाऊन ये." लेक गेली आणि आली. बाई म्हणाल्या, "परत." ती गेली, आली, आणि जरा वैतागून म्हणाली, "किती येळा?" मी तिची कंबर बघत होतो. बाई पहिल्यांदा हसल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "तो जुना व्हिडिओ आहे का हो? शेजारी ठेवून बघायचाय."

होता. पुसला नव्हता आणि दीड वर्षात उघडलाही नव्हता. शोधून लावला आणि टेबलावर ठेवला. टीव्हीपासून सोफ्यापर्यंत ती डुलत निघाली. उजवीकडं झुकली, सावरली, परत झुकली. लेक माझ्या शेजारी स्टुलावर चढून बघत होती.

"ही कोन?" तिनं विचारलं.

बायकोनं खिडकीकडं तोंड केलं.

"तिला चालाया येत न्हाई," लेक म्हणाली. "पडंल ती." मग माझी बाही ओढली. "पप्पा, तिला उचला की."

हा व्हिडिओ मी शेकडो वेळा बघितला होता, टाळ्या वाजवून. हे एवढं साधं मला एकदाही सुचलं नव्हतं. "उचलतो," मी म्हणालो, आणि तिलाच स्टुलावरनं उचलून छातीशी धरली, घट्ट.

तिनं माझ्या खांद्याला दोन्ही हातांनी ढकललं. "मला कशाला? मी चालतीया की!"

मी तिला खाली ठेवली. ती दाराकडं निघाली, सरळ, कुणाचा हात न धरता, आणि उंबऱ्यावर थांबून आम्हाला म्हणाली, "चला."